झाकण ठेव, एक वाफ येऊ दे

पुण्याची मावशी एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे इंदूरला आली होती, आणि पहिल्याच सकाळी तिला राजवाड्याकडे पोहे खायला घेऊन गेले. दहा वाजत आलेले, ऊन चढलेलं, आणि पहिला घास खाऊन मावशी थांबलीच. म्हणे, "अगं, हे सहा वाजल्यापासून करून ठेवलेत ना? मग अजून इतके मऊ कसे? आपल्या घरी कांदेपोहे अर्ध्या तासात कोरडे होतात." मी म्हणलं, मावशी, परातीच्या खाली बघ. खाली शेगडीवर उकळत्या पाण्याचं भलं मोठं भगोनं आणि त्याच्यावर बरोबर बसवलेली पोह्यांची परात. पोहेवाले भिया वरून सेव, कांदा, जीरावन मसाला टाकतायत, पण पोह्यांना आच लागतच नाहीये, लागतेय ती फक्त वाफ.

मी नववी-दहावीच्या मुलांना घरी फिजिक्स शिकवते. इतक्या वर्षांत माझं ठाम मत झालंय की आपल्या घरातलं अर्धं फिजिक्स एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य आई, आजी, मावशी सगळ्या रोज म्हणतात, "झाकण ठेव आणि एक वाफ येऊ दे." पाण्याची वाफ होताना काय होतं आणि वाफेचं परत पाणी होताना काय होतं, एवढं एक नीट कळलं ना, की पोहे, कुकर, माठ, कूलर, घाम, सगळं एकाच धाग्यात ओवलं जातं. म्हणून आज तेवढंच सांगते, पण नीट सांगते.

घरी एक प्रयोग करून बघा. छोट्या पातेल्यात एक वाटी पाणी घ्या, गॅस मध्यम ठेवा आणि घड्याळ लावा. समजा पाच मिनिटांत पाणी उकळायला लागलं. आता गॅसला हात न लावता ते पाणी पूर्ण आटायला किती वेळ लागतो ते बघा (शेवटी पातेलं जळू देऊ नका, थोडं उरलं की बंद करा). मुलांना विचारलं की ती म्हणतात अजून पाच मिनिटं, फार तर दहा. लागतो अर्ध्या तासाहून जास्त. आच तीच, पातेलं तेच, मग एवढी सगळी उष्णता गेली कुठे? पाणी तर आणखी गरम झालं नाही, पहिला बुडबुडा आला तेव्हा जेवढं गरम होतं तेवढंच शेवटच्या थेंबाला आहे.

हाच प्रश्न 1760 च्या दशकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक नावाच्या प्रोफेसरला पडला होता. त्याने तापलेल्या लोखंडावर पाण्याची भांडी ठेवून वेळ मोजली, उकळी यायला साधारण 4 मिनिटं आणि आटायला 20, आणि तेवढ्या वेळात थर्मामीटर हलायला तयार नाही. त्याने ओळखलं की उष्णता वाया गेलेली नाही, ती वाफेच्या आत लपून बसलीय. म्हणून तिचं नाव पडलं गुप्त उष्णता. इथल्या हिंदी मीडियमच्या मुलांच्या पुस्तकात गुप्त ऊष्मा असतं, महाराष्ट्रातल्या पुस्तकात अप्रकट उष्मा, पण मला गुप्तच आवडतं कारण ती खरंच दिसत नाही, थर्मामीटरला पण नाही. त्याच विद्यापीठात तेव्हा उपकरणं दुरुस्त करणारा जेम्स वॅट होता, त्याची ब्लॅकशी ओळख होती, आणि वाफेच्या इंजिनात पुढे त्याने काय केलं ते सगळ्यांना माहीतच आहे.

आता आकडे. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते (ही फिजिक्सची कॅलरी, डाएटवाल्यांची कॅलरी हिच्या हजारपट मोठी). म्हणजे बर्फासारखं गार पाणी उकळीपर्यंत न्यायला ग्रॅममागे 100 कॅलरी. आणि त्याच उकळत्या एक ग्रॅमची वाफ करायला? 540. साडेपाच पट जास्त, आणि तापमान एका अंशानेही वाढत नाही!

असं का, ते मी मुलांना रंगपंचमीच्या गेरवरून, म्हणजे इथल्या रंगांच्या मिरवणुकीवरून सांगते. राजवाड्यासमोर त्या दिवशी जी गर्दी असते तिच्यात तुम्ही सगळे घरचे एकमेकांचे हात घट्ट धरून चालताय, हात सुटला तर हरवाल. पाण्याचे रेणू तसेच एकमेकांना धरून असतात. पाणी गरम करणं म्हणजे त्या गर्दीने जोरात नाचायला लागणं, हात धरलेलेच आहेत. पण वाफ व्हायची म्हणजे एकेका रेणूला सगळे हात सोडवून गर्दीतून बाहेर पडायचंय, आणि खरी ताकद लागते ती हात सोडवायला. 540 कॅलरी त्याच्या आहेत. आणि उलटं पण तितकंच खरं, बाहेर भटकणारा रेणू परत येऊन हात धरतो तेव्हा तेवढ्याच 540 कॅलरी तो तिथे टाकून जातो. हे उलटं जे आहे ना, ते सगळं स्वयंपाकघर चालवतं.

पोह्यांच्या परातीचं बघा. भगोन्यातली वाफ वर येते, परातीच्या तळाला लागते, तळ गार असेल तिथे तिचं पाणी होतं आणि उष्णता तिथे सोडून ते पाणी परत भगोन्यात टपकतं. जिथे परात जास्त गार तिथे जास्त वाफ जाऊन बसते, जिथे आधीच गरम आहे तिथे कमी, म्हणजे ढवळलं नाही तरी आच आपोआप सगळीकडे सारखी वाटली जाते. आणि उकळतं पाणी ठरलेल्या तापमानाच्या वर जाऊच शकत नाही त्यामुळे पोहे खाली लागत नाहीत, करपत नाहीत. गॅसच्या आचेला अशी अक्कल नसते, ती मधोमध जाळते आणि कडेला गार सोडते.

आपल्या मराठी घरांत याच्यापेक्षाही सुंदर एक गोष्ट आहे आणि ती आता कमी होत चाललीय याचं मला खरंच वाईट वाटतं. झाकणावर पाणी ठेवून भाजी शिजवणं. आजी कोबी, फरसबी, सुकी बटाट्याची भाजी, काहीही असो, खोलगट ताट झाकायची आणि त्या ताटात पाणी ओतायची. लहानपणी मला वाटायचं ताट उडू नये म्हणून वजन ठेवलंय. तसं नाहीये. भाजीतलं पाणी वाफ होऊन वर येतं, वरचं ताट पाण्यामुळे गार आहे, तिथे वाफेचं पाणी होतं, थेंब परत भाजीत पडतो, तो थेंब परत वाफ होतो. भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते, वरून एक थेंब टाकावा लागत नाही, आणि जो वास वाफेबरोबर उडून जाणार होता त्यातला बराचसा खाली परत येतो. लॅबमध्ये कंडेन्सर म्हणून काचेचं महागडं उपकरण असतं, बाहेरून गार पाणी फिरवतात आणि आत वाफेचं पाणी होतं, तेच काम ते ताट करतं. ताटातलं पाणी गरम झालं की त्याचा उपयोग कमी होतो, म्हणून आजी ते गरम पाणी आमटीला वापरायची आणि ताटात नवीन गार पाणी घालायची. तिला कंडेन्सर शब्द माहीत नव्हता, पण पाणी कधी बदलायचं ते बरोबर माहीत होतं.

वाफेचा चटका का इतका वाईट असतो ते पण इथेच कळतं. उकळत्या पाण्याचा एक ग्रॅम हातावर पडला तर तो अंगाच्या तापमानाला येईपर्यंत साठेक कॅलरी देतो. एक ग्रॅम वाफ हातावर पाणी झाली तर आधी 540 आणि मग वरचे साठ, म्हणजे दहापट. म्हणून झाकण उघडताना नेहमी स्वतःपासून लांबच्या बाजूने उचला, आणि चटका बसलाच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरा, टूथपेस्ट वगैरे काही लावू नका.

आता गॅसचं, कारण इथे सगळ्यात जास्त पैसे जातात. उघड्या पातेल्यात डाळ रटरटतेय, गॅस फुल ठेवला काय आणि बारीक ठेवला काय, पाणी उकळतंय तोवर डाळीचं तापमान तेच. फुल गॅसने फक्त वाफ जास्त होते, डाळ लवकर शिजत नाही, स्वयंपाकघर मात्र तापतं. आणि आपल्या इंदूरला तर पाणी 100 वर उकळतच नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच आहे, वर हवेचा दाब कमी, रेणूंना दाबून ठेवणारं ओझं कमी, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. पुणं पण जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे, त्यामुळे मावशीला फरक पडला नाही, दादरच्या काकूला थोडासा पडेल.

कुकर नेमकं हेच ओझं वाढवतो. वाफ बाहेर जाऊ दिली नाही की आतला दाब वाढतो, शिटीचं वजन उचललं जाईपर्यंत तो जवळपास दुप्पट होतो, आणि त्या दाबाखाली पाणी उकळायला 120 अंशांच्या आसपास जावं लागतं. दहा अंश वाढले की शिजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो असा एक ढोबळ हिशोब आहे, म्हणजे वीस अंशांत चौपट. ही आयडिया पण जुनी, देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने 1679 मध्ये लंडनला असं भांडं दाखवलं होतं, त्यात हाडंसुद्धा मऊ व्हायची, आणि भांडं फुटू नये म्हणून वजनाची झडप पण त्यानेच लावली, तीच आपली शिटी. पण एक लक्षात घ्या, शिटी म्हणजे आत झालेली जास्तीची वाफ बाहेर जातेय. पहिल्या शिटीला दाब पूर्ण झाला, त्यानंतर गॅस बारीक करून दहा मिनिटं ठेवलं तरी आत तेच 120 राहतं. फुल गॅसवर भराभर सहा शिट्ट्या काढल्या तर वेळ थोडा मिळाला आणि गॅस जास्त गेला, डाळ कच्ची ती कच्चीच. शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा, हे मी घरोघरी सांगत असते.

आणि उघड्यावर, पाणी आहे तोवर 100 च्या वर जायचं नाही हा नियम तळणीत पण दिसतो. थंडीत सराफा बाजारात गराडू (एक कंद) तळताना बघा, तेल पावणेदोनशे अंशांना असेल पण गराडूचा तुकडा आधी नुसता बुडबुडे सोडतो, ते बुडबुडे तेलाचे नाहीत, आतल्या पाण्याची वाफ आहे. पाणी उडून जातं तिथेच वरचा थर पुढे तापतो आणि लाल होतो, आतमध्ये पाणी शिल्लक म्हणून आतून मऊ. बुडबुडे कमी झाले की काढायची वेळ झाली. बाफले (कणकेचे गोळे) पण तसेच, आधी पाण्यात उकळून घ्यायचे म्हणजे आतपर्यंत कणीक पाणी पिऊन शिजते, मग भाजायचे म्हणजे फक्त वरची साल कडक होते. पोळी फुगते ती पण यामुळेच, एका ग्रॅम पाण्याची वाफ जवळपास पावणेदोन लिटर जागा मागते.

हे झालं वाफेने शिजवणं. आता याच्या बरोबर उलट, वाफेने गार करणं, आणि मे महिन्यात इंदूरला त्याच्यावरच जगावं लागतं.

पाण्याला वाफ व्हायला उकळायलाच पाहिजे असं नाही. गर्दीत काही रेणू नेहमीच बाकीच्यांपेक्षा जास्त जोरात असतात, ते कुठल्याही तापमानाला हात सोडवून निघून जातात, आणि जोरातले गेले की मागे राहिलेल्यांची सरासरी खाली येते, म्हणजे पाणी गार होतं. बशीत ओतलेला चहा लवकर निवतो तो म्हणूनच, बशीत पळून जायला जागा जास्त, आणि वर फुंकर घातली की चहावर साचलेली दमट हवा बाजूला होते आणि नवीन रेणूंना वाट मिळते. माठाचं पण हेच, माती सच्छिद्र, पाणी पाझरून बाहेर येतं आणि वाऱ्यावर उडतं, उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. तो हॉलमध्ये कोपऱ्यात ठेवू नका, खिडकीत सावलीत वारा लागेल असा ठेवा. आणि बोअरच्या जड पाण्याने दोन-तीन वर्षांत क्षार बसून छिद्रं बुजतात, मग माठ बाहेरून कोरडा दिसतो आणि पाणी गार होत नाही, तेव्हा नवीन घ्या.

कूलर म्हणजे पंखा लावलेला माठ. त्याच्या बाजूच्या जाळीत भरलेल्या घासेवरून पाणी ओघळतं, बाहेरची सुकी हवा तिच्यातून खेचली जाते, पाणी उडतं, हवा गार होते. किती गार होऊ शकते याला एक तळ असतो, त्याला वेट बल्ब म्हणतात, म्हणजे थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला तर तो जिथे थांबेल ते तापमान. मे महिन्यात बाहेर 40 अंश आणि हवेत ओलावा 20 टक्के असेल तर हा तळ येतो 22-23 वर. चांगला कूलर त्या दिशेने तीन-चतुर्थांश वाट चालतो, म्हणजे 40 ची हवा तुमच्या अंगावर 27 ची होऊन येते. मी एकदा हिशोब केला, तासाला 8 लिटर पाणी उडालं तर ते जी उष्णता शोषतं ती दीड टनच्या एसीएवढी असते. एसी त्याला दीड हजार वॅटच्या आसपास खातो, कूलर दोनशे. अर्थात कूलरला सतत बाहेरची नवीन तापलेली हवा गार करायची असते त्यामुळे एसीसारखी थंडी नाही मिळणार, पण बिलाचा फरक बघा.

आणि खिडकी! आमच्या घरी दरवर्षी हा वाद, बाबा म्हणणार गार हवा बाहेर जाते, बंद करा. बाबा, बंद केली तर उडालेलं सगळं पाणी खोलीतच राहील, तासाभरात हवा दमट होईल आणि घामाला उडायला जागाच राहणार नाही. कूलरच्या समोरची खिडकी उघडीच पाहिजे, हवा एकीकडून आत आणि दुसरीकडून बाहेर.

घाम हा आपला स्वतःचा कूलर. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर अर्ध्या युनिट विजेपेक्षा जास्त उष्णता घेऊन जातो. पण 42 अंशांत पंख्याचा वारा अंगापेक्षा गरम असतो, तो गार करतो ते फक्त घाम उडवून, घाम नसेल तर तोच वारा तापवतो. म्हातारी माणसं, ज्यांना घाम कमी येतो, त्यांना नुसत्या पंख्याखाली झोपवू नका, मानेवर हातांवर ओलं फडकं फिरवत राहा. इथली दुपार इतकी सुकी असते की घाम आल्या आल्या उडतो, कपडे कोरडेच, त्यामुळे अंगातलं किती पाणी गेलं ते कळतच नाही आणि मग लू लागते. तहान नसली तरी पाणी, पन्हं, ताक घेत राहायचं.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर पाणी मारतो. पंधरा लिटरची एक बादली पूर्ण उडाली तर दहा युनिट विजेएवढी उष्णता घेऊन जाते, काही स्लॅबची, काही हवेची. मावशीला हे खरंच वाटेना, म्हणून तिला चप्पल काढून उभं केलं, अर्धी गच्ची ओली आणि अर्धी कोरडी ठेवून. अर्ध्या तासाने ती स्वतःच ओल्या बाजूला गादी घालायला लागली. आणि रात्री जी गार झुळूक सुटते, तिच्यासाठी तर आपला माळवा जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे, शब-ए-माळवा म्हणतात ती. त्यात पण वाफेचाच हात आहे, यावेळी तिच्या नसण्याचा. तापलेली जमीन रात्रभर उष्णता किरणांनी वर सोडत असते, हवेत वाफ भरपूर असेल तर ती त्यातली बरीच अडवून परत खाली पाठवते, गोधडीसारखी. आपल्याकडे मे महिन्यात हवा सुकी, गोधडी पातळ, म्हणून दिवसा 40-41 आणि पहाटे 24-25. मुंबईला एवढा फरक पडत नाही.

मावशीने त्या रात्री एक गोष्ट विचारली आणि मी तेव्हापासून ती क्लासमध्ये सांगते. म्हणाली, "तुमच्या इथे सगळे 'भाजतंय' म्हणतात, आणि मुंबईची काकू म्हणते 'उकडतंय'. हे पण त्यातलंच का गं?" त्यातलंच! भाजणं म्हणजे सुकी उष्णता, पाणी निघून जातंय. उकडणं म्हणजे मोदकांसारखं, भोवती वाफच वाफ, पाणी निघायला वाव नाही. जुलैत इथे 30 अंश आणि ओलावा 85 टक्के असतो तेव्हा वेट बल्ब 28 वर जाऊन बसतो, म्हणजे कूलरने कितीही जोर लावला तरी दोनच अंश मिळणार, आणि वरून तो खोलीत आणखी ओलावा घालणार. म्हणून दोन-तीन चांगले पाऊस झाले की आमच्या कूलरचा पंप बंद होतो, नुसता पंखा चालतो. मग एखाद्या रविवारी टाकी रिकामी करून, पुसून, उन्हात उलटी घालतो, आणि आई पदराने मान पुसत म्हणते, "चला, भाजायचं संपलं, आता उकडतंय."